माळवदाच्या जुन्या घराची घरच्या मनुष्यबळावर दुरुस्ती

मराठवाडा, सोलापूर व त्यांस लागून असलेल्या कमी पावसाच्या भागांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद अशा बांधणीची घरे अद्यापही पुष्कळ आहेत. माळवदास कोठे कोठे धाबे असेही म्हणतात. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर अशी ही रचना असते. उन्हाळ्यात असे घर आतून थंड राहते. माळवदावर मिरच्या, सांडगे, कुरडया वाळविता येतात व उकाड्याच्या रात्री त्यावर झोपताही येते. हे घर बांधण्यास लागणारी बहुतेक सामग्री गावच्या शिवारातच मिळत असे आणि दुरुस्तीचे कामही घरचीच माणसे करीत. त्यामुळे अशी घरे पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली आहेत.

परंतु दुरुस्तीची जी पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे तीत एक मोठा दोष आहे. माळवद गळू लागले की त्यावर आणखी माती टाकावयाची, हा तो दोष होय. दरवर्षी मृगापूर्वी पांढरीतून माती आणली जाते व जुन्या थरावर पसरली जाते. जुनी माती मात्र कोणी उतरवीत नाही. वडिलांनी टाकलेल्या थरावर मुलगा थर टाकतो आणि त्यावर नातू. अशा रीतीने मूळ सहा-आठ इंचांचे माळवद दीड-दोन फुटांचे होते. घर खालून पाहणाऱ्यास हा बदल दिसत नाही. तो खांबांना आणि भिंतींना मात्र सोसावा लागतो.

हा भार किती असतो?

शेतकऱ्यास समजेल असा याचा हिशेब सहज मांडता येतो. बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली घेतल्यास तिच्या माळवदाचे क्षेत्र १२० चौरस फूट होते. त्यावर एक इंच जाडीचा थर टाकला म्हणजे १० घनफूट माती पडली. दबलेल्या कोरड्या मातीचे वजन घनफुटास सुमारे ४५ किलो धरले तर एका इंचाचा भार ४५० किलो, म्हणजे साडेचार क्विंटल झाला. माळवद दोन फूट जाडीचे असेल तर त्याचे वजन १०८ क्विंटल भरते. ज्वारीची शंभर किलोची १०८ पोती घरातील माणसांच्या डोक्यावर थापी लावून ठेवावयास कोणी तयार होणार नाही; पण मातीच्या रूपाने ती तेथे असतातच. दरवर्षी अर्धा इंच माती टाकणाऱ्या कुटुंबाने अठ्ठेचाळीस वर्षांत एवढा भार चढविलेला असतो.

शिवाय ही माती कोरडी असतानाची गोष्ट झाली. पावसाची झड लागली म्हणजे माती पाणी पिते व वजन आणखी वाढते. त्याच वेळी भिंतीतील चिखलही ओला होऊन मऊ पडतो. भार सर्वांत अधिक आणि भिंतीचे बळ सर्वांत कमी, अशी ही वेळ असते. झडीच्या दिवसांत रात्री जुनी घरे पडून माणसे व गुरे दगावल्याच्या बातम्या जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात येतात, त्यांमागे बहुधा हेच कारण असते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. तरीही एवढी प्राणहानी झाली, कारण माणसे झोपेत होती आणि त्यांच्यावर जाड दगडी भिंती व माळवदाची माती कोसळली. भूकंपात घरास बाजूने जो हिसका बसतो तो घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. वजन जितके अधिक तितका हिसका मोठा. ज्या घरांत खांब व तुळयांचा सांगाडा मजबूत होता त्यांपैकी काही ठिकाणी भिंती पडूनही छत खांबांवर तसेच उभे राहिले, हेही त्या वेळी दिसून आले.

भिंतीची अंतर्रचना

जुनी दगडी भिंत दोन-तीन फूट, क्वचित त्याहूनही जाड असते. जाडी पाहून ती भक्कम असावी असा समज होतो. वास्तविक ती एक भिंत नसून दोन भिंती असतात. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि दोहोंमध्ये लहान दगड, कपऱ्या व माती यांची सैल भर. दोन्ही पदर एकमेकांस बांधून ठेवणारे आरपार दगड चांगल्या गवंड्याने घातलेले असतात; घाईने किंवा काटकसरीने केलेल्या बांधकामात ते नसतात. अशा भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत शिरले की मधली भर खाली बसते व पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर रेटते. मग भिंतीला पोट येते. पोट आलेली भिंत बाहेरून लिंपून सारखी केली म्हणजे दुरुस्त झाली असे नव्हे. लिंपणाखाली ती तशीच फुगत राहते, आणि ते आता कोणास दिसत नाही.

म्हणून कामास हात घालण्यापूर्वी घराची तपासणी करावी. तीस फारशी साधने लागत नाहीत. ओळंबा, हातोडी, एक टोकदार सुरी व चुन्याची निवळी एवढ्यावर ती होते. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडून भिंत कोठे बाहेर आली आहे हे पाहावे. हातोडीने हलके ठोकीत गेल्यास पदर सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो. कोपऱ्यांत उभी भेग असून ती वर रुंद व खाली अरुंद असेल तर दोन भिंती एकमेकींपासून सुटत आहेत असे समजावे. भेग जुनी व थांबलेली आहे की अजून वाढत आहे, हे ठरविण्याचा एक सोपा उपाय आहे. भेगेवर आडवी चुन्याची पट्टी ओढून तीवर तारीख लिहावी. महिना-दोन महिन्यांत पट्टी तडकली तर भेग चालू आहे. अशा घरात माणसांनी पावसाळ्यात झोपू नये, व तेथे घरच्या घरी दुरुस्तीचा प्रयत्नही करू नये. जाणत्या गवंड्यास किंवा अभियंत्यास दाखवावे.

लाकडाची तपासणी मुख्यतः तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे व खांब जमिनीस टेकतो तेथे करावी. मधले लाकूड ठणठणीत असून टोके कुजलेली, असे वारंवार आढळते. सुरीचे टोक सहज अर्धा-पाऊण इंच आत गेले तर ते लाकूड भार घेण्यास लायक राहिले नाही.

माती उतरविणे

रब्बीची मळणी आटोपल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचा काळ, म्हणजे मुख्यतः चैत्र व वैशाख, या कामास सोयीचा असतो. मजुरी करावयास घरची माणसे मोकळी असतात, माती कोरडी व हलकी असते आणि नवे लिंपण वाळण्यास ऊन मिळते. वैशाखाच्या अखेरीस वळवाचा पाऊस येऊ शकतो, म्हणून माळवद उघडण्याचे काम चैत्रातच हाती घेणे बरे.

माती उतरवावी असे सुचविले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे प्रथम राजी होत नाहीत. ‘माती होती म्हणून घर गळत नव्हते,’ असे ते म्हणतात; आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. जाड थर थोड्या वेळाची सर शोषून घेतो, त्यामुळे ती खाली उतरत नाही. पण झड लागली म्हणजे तोच थर भिजून जातो आणि पाऊस थांबल्यावरही दोन-दोन दिवस ठिबकत राहतो. पाणी मातीत मुरण्यापूर्वी माळवदावरून वाहून गेले पाहिजे. त्याला हवा असतो उतार, दाबून बसविलेला पृष्ठभाग आणि मोकळी पन्हळ. या तीन गोष्टी नीट असल्या तर आठ इंचांचे माळवद दोन फुटांच्या माळवदापेक्षा कमी गळते. वडीलधाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी प्रथम गोठ्याचे किंवा पडवीचे माळवद उतरवून एक पावसाळा पाहावा, हा मार्ग चांगला. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल, घरात भांडण होऊन काम अर्धवट राहू नये.

काम सुरू करण्यापूर्वी खोलीतील धान्य, भांडी व अंथरूण-पांघरूण बाहेर काढावे, विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि कमकुवत वाटणाऱ्या प्रत्येक तुळईखाली मजबूत लाकडाचा टेकू द्यावा. टेकूच्या खाली व वर फळीचा तुकडा ठेवावा, म्हणजे तो जमिनीत रुतत नाही. माळवदावर एका वेळी दोन-तीन माणसांहून अधिक चढू नयेत, आणि काम चालू असता खोलीत कोणीही, विशेषतः मुले, नसावीत. खोदलेली माती माळवदाच्याच एका कडेला ढीग करून ठेवण्याची चूक फार होते. त्याने सारा भार एका भिंतीवर येतो. माती खोदली की लगेच घमेल्याने खाली गेली पाहिजे. खोदणे मध्यापासून दोन्ही बाजूंस सारखे न्यावे. खालच्या पाल्यापर्यंत पोचू लागले की टिकाव बाजूस ठेवून खुरप्याने काम करावे. वरील खोलीच्या हिशेबाने दोन फुटांचे आठ इंच करावयाचे म्हणजे ७२ क्विंटल माती उतरवावी लागेल. घमेले अठरा किलोचे धरले तर ही चारशे घमेली झाली. घरच्या चार-पाच माणसांस हे दोन-तीन दिवसांचे काम आहे.

पाल्याचा थर कुजलेला असल्यास तो काढून टाकून नवा घालावा. तरवड, निर्गुडी किंवा कडुलिंबाचा पाला यासाठी वापरण्याची चाल आहे. मोडलेल्या कड्या बदलून घ्याव्यात. मग त्यावर बारीक चाळलेली माती पसरून तिच्यातच उतार काढावा. पन्हळीच्या बाजूस दोन इंच व विरुद्ध कडेस पाच इंच जाडी ठेवली तर बारा फुटांत तीन इंचांचा, म्हणजे दर चार फुटांस एक इंच, उतार मिळतो. हा थर चोपून घेतल्यावर त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला तुकडा गावात पुष्कळ वेळा मिळतो, तो या कामास उत्तम. कागदाचे दोन तुकडे जोडावे लागल्यास वरच्या बाजूचा तुकडा खालच्या बाजूच्या तुकड्यावर निदान एक फूट चढवावा, आणि कडेला कागद कठड्यावर वळवून घ्यावा. कागदावर चार इंच कमावलेली माती घालून चोपणीने चोपावी. पहिल्या थरात खडे किंवा काटे असू नयेत. कागदास एक भोक पडले तरी त्याचा उपयोग संपला.

पन्हळीकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. तिचे तोंड भिंतीपासून निदान दीड फूट बाहेर असावे. तुटलेली आखूड पन्हळ सगळे पाणी भिंतीवरच सोडते. वर्षानुवर्षे तेथे ओल येते, आणि घर पडते ते बहुधा तेथून. पत्र्याची लांब पन्हळ बसविण्यास एक तास पुरतो. ज्याला या वर्षी दुसरे काहीच करणे शक्य नाही त्याने एवढे तरी अवश्य करावे.

मातीची निवड व उतरविलेल्या मातीचा उपयोग

खेड्यात शेताच्या जमिनीस काळी व वस्तीच्या जमिनीस पांढरी म्हणतात. माळवदास पांढरीच वापरतात, याला कारण आहे. काळी माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. ती छतावर टिकत नाही. पांढरीत राख व बारीक गाळ अधिक असल्याने ती तितकी भेगाळत नाही. तरीही प्रत्येक ठिकाणची माती सारखी नसते. ती भिजवून लिंबाएवढा गोळा करावा व सावलीत वाळवावा. गोळ्यास भेगा पडल्या तर चिकणमाती अधिक आहे, तीत वाळू मिसळावी. गोळा बोटांनी सहज चुरगळला तर चिकटपणा कमी आहे. योग्य मातीत बारीक तुकडे केलेले गव्हाचे काड व शेण घालून, पाणी शिंपून, आठ-दहा दिवस ती मुरू द्यावी व अधूनमधून तुडवावी.

पांढरी खणून आणताना एक खबरदारी घेणे अगत्याचे आहे. गावाजवळची जुनी टेकाडे ही पुष्कळदा प्राचीन वस्त्यांची स्थाने असतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील टेकाडांतून सातवाहनकालीन वस्तू सापडल्या आहेत. संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागेतील माती काढणे गुन्हा आहे. वास्तविक माळवदावरून उतरविलेली मातीच चाळून पुन्हा वापरता येते, आणि ती गरजेहून अधिक असते. नवी माती आणण्याचे कारण सहसा पडू नये.

उरलेली माती शेतात टाकण्याची चाल जुनी आहे. जुन्या भिंतींच्या व वस्तीच्या मातीत नत्रयुक्त क्षार साठलेले असतात, त्यामुळे पीक जोमदार येते हा शेतकऱ्यांचा अनुभव खरा आहे. मात्र याच मातीत इतर क्षारही असू शकतात. जमीन आधीच खारवट किंवा निचरा न होणारी असल्यास तेथे ती टाकू नये. अन्यथाही एकाच वाफ्यात ढीग न ओतता पातळ पसरावी, व शक्य झाल्यास मूठभर नमुना माती परीक्षणासाठी पाठवून क्षारांचे प्रमाण जाणून घ्यावे.

भिंतीचे दोन पदर बांधणे

भार उतरल्यानंतर भिंतीचे काम करावे, आधी नव्हे. पोट आलेले नाही पण आरपार दगडही नाहीत, अशा भिंतीस भूकंपानंतर एक उपाय मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आला. भिंतीत उंची व लांबी या दोन्ही दिशांनी सुमारे एक-एक मीटरवर खुणा कराव्यात. वरच्या ओळीतील खुणा खालच्या ओळीतील खुणांच्या मधोमध याव्यात. खुणेच्या जागचा दगड भोवतालची माती कोरून, पहारीने हळूहळू सैल करून काढावा. धक्के मारू नयेत. मग आतली भर काढीत भिंतीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत तीन इंचांचे भोक न्यावे. दोन्ही तोंडांशी भोक रुंद व मध्ये अरुंद असावे, म्हणजे आत भरलेले काँक्रीट दोन्ही पदरांना डमरूसारखे धरून ठेवते. भोकात ८ मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोके वाकविलेली लोखंडी सळई ठेवावी व एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी या प्रमाणाचे काँक्रीट दोन्ही बाजूंनी ठासून भरावे. सळई कोठेही उघडी राहू नये. निदान दहा दिवस दोन्ही तोंडांवर पाणी शिंपडावे. शेजारशेजारची दोन भोके एकाच दिवशी पाडू नयेत. एक भरून घट्ट झाल्यावर दुसऱ्यास हात लावावा.

या कामात घरच्या माणसांबरोबर एक तरी अनुभवी गवंडी असणे जरूर आहे. दगडांच्या फटींत विंचू व साप असतात, म्हणून उघड्या हाताने फटीत चाचपू नये. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यास आधी सांगावे. त्याच्या बाजूचे कोनाडे व धान्याचे बळद कोठे आहे हे समजल्याशिवाय भोक पाडणे धोक्याचे आहे, आणि न विचारता पाडलेल्या एका भोकाने दहा वर्षांचे वैर होते.

जेथे भिंतीला पोट आले आहे तेथे हा उपाय चालत नाही. तेवढा भाग तुळयांस टेकू देऊन उतरवावा व पुन्हा बांधावा. नव्या बांधणीत दर दोन फूट उंचीवर आरपार दगड घालावेत व त्यांमधील अंतर चार फुटांहून अधिक ठेवू नये. तेवढा लांब दगड न मिळाल्यास भिंतीच्या पाऊण जाडीचे दोन दगड दोन्ही बाजूंनी एकमेकांस चिकटून बसवावेत. गोल गोटे वापरू नयेत. खांब व तुळई यांच्या कोनात तिरपा लाकडी आधार सुताराकडून ठोकून घेतल्यास सांगाडा हिसक्यात डुलत नाही. हा खर्च थोडा आहे आणि उपयोग मोठा.

किल्लारीच्या भूकंपानंतर दुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात जवळजवळ दोन लाख घरांची कामे झाली. पुष्कळ ठिकाणी घरमालकांनीच ती पुढे होऊन करून घेतली, आणि महिला मंडळांतील स्त्रियांनी घरोघर माहिती पोचविली. घरातील कोणती भिंत ओल धरते व कोठे ठिबकते हे दिवसभर घरात वावरणाऱ्या स्त्रीस जितके ठाऊक असते तितके पुरुषांस नसते, म्हणून तपासणीच्या वेळी तिचे सांगणे प्रथम ऐकावे.

ओल, लोणा व वाळवी

भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी येऊन लिंपण गळू लागले म्हणजे लोणा लागला असे म्हणतात. जमिनीतील ओल क्षार घेऊन वर चढते, पाणी उडून जाते व क्षार पृष्ठभागावर राहतात. गोठ्याच्या भिंतीस तो अधिक लागतो, कारण मूत्र जमिनीत मुरते. यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा देण्याची रीत आता सर्वत्र पसरली आहे. ती चुकीची आहे. मातीच्या भिंतीतील ओल बाहेर पडण्याचा मार्ग सिमेंटने बंद होतो. ओल मग वर चढते, आतला चिखल मऊ होतो आणि काही वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा दगडासकट सुटतो. मातीच्या भिंतीस माती-शेणाचे किंवा चुन्याचेच लिंपण द्यावे. ओलीचे मूळ जमिनीत असते, तेथेच ते तोडावे. जोत्यालगतची जमीन घरापासून बाहेर उतरती करावी, मोरीचे व गोठ्याचे पाणी बंद नालीने दूर न्यावे, भिंतीस टेकून शेणाचा किंवा मातीचा ढीग ठेवू नये. घुशींची बिळे दगड व चुन्याने ठासून बंद करावीत.

वाळवी ओल्या लाकडाकडे लवकर वळते. ती मातीच्या नळ्या करून भिंतीवरून चढते. या नळ्या खरवडून टाकल्या की ती पुन्हा बांधू लागते व कोठून येते हे कळते. खांब थेट भुईत पुरलेला नसून दगडी तळखड्यावर उभा असावा, व तळखडा जमिनीच्या वर निदान चार-सहा इंच उघडा दिसावा. दरवर्षी सारवण चढत गेल्याने तळखडे भुईत बुडालेली घरे पुष्कळ आहेत. तेथे भुई खरवडून तळखडा मोकळा करणे हाच पहिला उपाय. औषध वापरावयाचेच असेल तर वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच वापरावे, आणि धान्याच्या कोठीजवळ व स्वयंपाकघरात फवारू नये. पिकासाठी आणलेले कीटकनाशक अंदाजाने घरात शिंपडणे माणसांच्या जिवावर बेतू शकते.

जुन्या घराच्या बाबतीत काही कामे घरच्या घरी मुळीच करू नयेत. जाड भिंतीत नवे दार किंवा मोठी खिडकी पाडणे, मधला खांब काढून खोली मोठी करणे, आणि सर्वांत घातक म्हणजे जुन्या दगडमातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकणे किंवा मजला चढविणे. स्लॅब पक्का असतो, परंतु त्याखालील भिंत चिखलातच बांधलेली असते. माती उतरवून वाचविलेला भार पुन्हा चढविण्यासारखेच ते आहे. स्लॅबचे घर हवे असेल तर ते नव्या पायावर बांधावे. माळवद काढून पत्रे घालावयाचे असल्यास भार फार कमी होतो हे खरे. मात्र पत्रे वर दगड ठेवून न दाबता लाकडी सांगाड्यास पक्के जखडावेत, नाही तर वाऱ्याने पत्रे व दगड दोन्ही उडतात. उन्हाळ्यातील उष्णताही ध्यानात घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर केवळ व्याख्यान देऊन भागणार नाही. गावातील एक घर निवडून, तेथील माळवदाची जाडी कडेला खड्डा घेऊन लोकांसमक्ष मोजावी व वरील हिशेब त्याच घराच्या लांबी-रुंदीने करून दाखवावा. आकडा क्विंटलमध्ये सांगावा. पाच-सहा कुटुंबांनी सावडीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांकडे राबून, काम केल्यास मजुरी लागत नाही व एका चैत्रात पाच-सहा घरे हलकी होतात.

दुरुस्त केलेले माळवद पहिल्या पावसात थोडेबहुत ठिबकणे स्वाभाविक आहे. माती अजून पुरती बसलेली नसते. अशा वेळी घाबरून वर माती टाकण्यास चढू नये. थेंब पडतो तेथे खालून कडीवर चुन्याची खूण करावी व भांडे ठेवावे. उघडीप मिळताच त्या जागेच्या वरच्या बाजूस, उताराच्या चढाकडे, पृष्ठभाग तपासावा. बहुधा तेथे एखादा खळगा, भेग किंवा गवताचे मूळ सापडते. गवत उपटून, भेग ओल्या कमावलेल्या मातीने भरून चोपणीने चोपावी व खळग्याचा उतार पन्हळीकडे काढून द्यावा. त्यासाठी एक घमेले माती पुरते, आणि ती माळवदावरचीच, उंचवट्याची खरडून घ्यावी.